खोली क्रमांक तीन, दहा ते बारा

"हॉटेल निवडायला काय अक्कल लागते?" असं मी म्हणालो तेव्हा खोलीत चार माणसं होती. माझी बायको, माझी आई, माझा साडू आणि मी. आई टीव्हीकडे बघत बसली होती, त्यामुळे तिने ते मनावर घेतलं नाही. उरलेल्या दोघांनी घेतलं. साडूने तर चहाचा कप बशीत ठेवला आणि "मग तुम्हीच निवडा की राव," असं तो इतक्या मायेने म्हणाला, की आपण खड्ड्यात पडलोय आणि खड्डाही आपणच खणलाय, हे मला तिथल्या तिथे कळलं.

प्रकरण होतं आईला कुठेतरी फिरवून आणायचं. बाबा गेल्याला दोन वर्षं झाली होती. माझ्या आईने चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. तिने वर्गात प्रश्न विचारला की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा हात वर करायची, असा आवाज. पण या दोन वर्षांत ती तीन शब्दांवर आली होती: "हं", "नको" आणि "बघू". दिवसभर टीव्हीसमोर बसायची आणि टीव्ही बंद असला तरी उठायची नाही. बायको म्हणाली, "अहो, आईंना बाहेर काढायला हवं. माणसांत न्यायला हवं." म्हणून ते जुनं शहर ठरलं. वेशी, बुरूज, अरुंद गल्ल्या, पाचशे वर्षांच्या इमारती, असं सगळं. आईला विचारलं तर ती "बघू" म्हणाली. तिच्या तीन शब्दांतला तोच सगळ्यांत उत्साही शब्द असल्यामुळे आम्ही तो होकार धरला.

साडू त्याच दिवसांत तिकडे सहकुटुंब निघाला होता. हा गृहस्थ विमा कंपनीत बडा अधिकारी आहे आणि त्याचं सगळं माझ्याहून एक इंच मोठं असतं. टीव्ही मोठा, गाडी मोठी, आणि तो स्वतःच सांगतो त्यावरून रक्तदाबही मोठा. त्याने शहराबाहेर तळ्याकाठी जागा घेतली होती. "शांतता, राव! खिडकी उघडली की फक्त बदकं." मी म्हणालो, आम्ही शहराच्या ऐन मध्यभागी राहणार. कारण आईचे गुडघे. तिला चालवत नाही, म्हणजे जे बघायचं ते दाराशी हवं. शिवाय बदकं बघायला इतक्या लांब कशाला जायचं, हेही मी म्हणालो. ते म्हणायला नको होतं.

आमच्या इमारतीत एखादी गोष्ट चौघांना कळवायची असेल तर ती एकाला कानात सांगावी लागते. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर खाली आले. या माणसाने उभ्या आयुष्यात तारणाशिवाय कशावर विश्वास ठेवलेला नाही. ते म्हणाले, "हॉटेलला फोन लावा, पण बोलू नका. मागचे आवाज ऐका. भांडी आपटल्याचा आवाज आला तर स्वयंपाकघर आणि स्वागतकक्ष यांत भिंत नाही. नळाचा आला तर ओल आहे. काहीच आला नाही, तर हॉटेलच नाही."

मला हे पटलं, यातच माझी तेव्हाची मनःस्थिती लक्षात यावी. मी सात हॉटेलांना फोन लावून श्वास रोखून ऐकत बसलो. पाच जणांनी "हॅलो, हॅलो" करून ठेवून दिला. सहाव्याने वडिलांचा उद्धार केला. सातव्या ठिकाणी एक बाई "बोला ना, घाबरू नका, कोण त्रास देतंय तुम्हाला?" असं विचारायला लागल्या, तेव्हा मीच ठेवला.

मग तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचं म्हणणं, उशी बघा. उशी उंच असली की मान जाते, मान गेली की जबडा सरकतो आणि जबडा सरकला की शेवटी त्यांच्याचकडे यावं लागतं. मी इंटरनेटवर लोकांचे अभिप्राय वाचायला बसलो. एकाच हॉटेलबद्दल एकाने लिहिलं होतं, "स्वर्ग!" आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याने लिहिलं होतं, "उंदीर." दोघांनी एकमेकांशी बोलून घ्यायला काय हरकत होती? तिसऱ्याने पाचपैकी एक चांदणी दिली होती आणि कारण लिहिलं होतं, "पाऊस पडला."

नऊ दिवस मी हेच करत होतो. ऑफिसात टेबलावर नकाशा पसरून कंपासने वर्तुळं काढत होतो. शेवटी शहराच्या मुख्य चौकात कंपासचं टोक टोचलं, तर ते एका हॉटेलच्या डोक्यावरच पडलं. फोन लावला आणि या वेळी बोललोही.

"मध्यवर्ती आहे ना?" मी विचारलं.

"साहेब," मॅनेजर म्हणाला, "याहून मध्ये जायला लागलात तर पलीकडून बाहेर पडाल."

माणूस आवडला. वरच्या मजल्यावर एकच मोठी खोली शिल्लक होती, क्रमांक तीन. पाचशे वर्षांची इमारत, मूळचं लाकडी छत, त्यावर कोरीव काम. "एवढी चांगली खोली रिकामी कशी?" असं मी विचारायला हवं होतं. पण मी मनात साडूला छत दाखवत होतो.

आता अडचण आली गाडीची. जुन्या शहराच्या वेशीच्या आत मोटारींना बंदी. वयस्कर माणसांसाठी खास परवाना मिळतो, पण त्यासाठी अर्ज. मी परवाना कार्यालयात फोन केला. तिथला कारकून म्हणाला, "हॉटेलचं आरक्षणपत्र जोडा." हॉटेलवाला म्हणाला, "आरक्षणपत्रावर परवान्याचा क्रमांक लागतो." मी पुन्हा कार्यालयात. कारकून म्हणाला, "आणि गुडघ्यांचा दाखला जोडा." मी म्हणालो, "अहो, बाई सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत." तो म्हणाला, "वयाचा गुडघ्याशी संबंध आहे, असं नियमात कुठे म्हटलेलं नाही." मी म्हणालो, "दाखला उद्या पाठवला तर चालेल?" तो म्हणाला, "उद्या बघू."

इथे मी एक कबुली दिली पाहिजे. मी स्वतः सत्तावीस वर्षं सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात आहे. "उद्या बघू" हे दोन शब्द मी किती लोकांना ऐकवले असतील, याची मोजदाद नाही. पण ते कानावर पडल्यावर माणसाला नेमकं काय होतं, हे मला त्या दिवशी कळलं. एक जाणकार म्हणून सांगतो, त्याचा सूर चांगला होता. 'उद्या'नंतर थोडं थांबायला हवं, तिथे मात्र तो घाई करत होता.

अखेर हॉटेलचा मॅनेजरच मदतीला आला. "साहेब, तुम्ही आमच्या अर्जावर सही करून पाठवा. परवान्याचं मी इथून बघतो. आपला माणूस आहे तिथे." चार पानांचा अर्ज आला. बारीक टायपात एकोणीस कलमं. मी पानं उलटली आणि चार सह्या ठोकल्या. लोक न वाचता सह्या करतात म्हणून मी ऑफिसात किती हसलोय!

ठरल्या दिवशी दुपारी आम्ही भाड्याच्या गाडीने वेशीतून आत शिरलो. परवाना वीस मिनिटांचा होता. आत काय गर्दी! हातगाड्या, सायकली, भांड्यांची दुकानं, कपड्यांचे ढीग आणि मध्येच कॅमेरे गळ्यात घातलेले पाहुणे, वर बघत चालणारे आणि एकमेकांवर आदळणारे. मुख्य चौक सापडला, हॉटेल सापडेना. आम्ही चौकाला चार फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला तोच पोलीस आणि प्रत्येक फेरीला त्याच्या भुवया थोड्या अधिक वर. अठराव्या मिनिटाला बायकोने खाली उतरून एका चष्मेवाल्याला विचारलं.

"इथेच आहे," तो म्हणाला. "माझ्या दुकानातून जिना आहे. पाटी कुठे दिसणार? जुनी इमारत आहे, खिळा ठोकायला बंदी आहे."

तर आमच्या हॉटेलचा रस्ता चष्म्याच्या दुकानातून होता. आत डोळे तपासायचा तक्ता, त्याच्याशेजारी खुर्ची, खुर्चीमागे पडदा आणि पडद्यामागे जिना. आईला त्या खुर्चीत दम खायला बसवलं, तर चष्मेवाल्याने सवयीने तिच्या एका डोळ्यावर पुठ्ठा धरला. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी अक्षरं वाचली. कित्येक महिन्यांत ती एका वेळी एवढं बोलली नव्हती.

खोली खरोखर सुरेख होती. उंच खिडक्या, जाड भिंती आणि वर ते छत. गडद लाकडाचं आणि त्यावर कोरलेले पोपट. रांगांनी पोपट. भिंतीला काही टेकवायचं नाही म्हणून कपाट, टेबल आणि पलंग खोलीच्या मधोमध, बेटासारखे. छताला हात लावायचा नाही म्हणून पंखा टेबलावर. आई पलंगावर आडवी झाली आणि छताकडे बघत राहिली. मी फोटो काढून साडूला पाठवला. खाली लिहिलं, "इतिहासाच्या कुशीत." त्याचं उत्तर आलं, "इथे बदकं फारच जवळ येतात." त्या वाक्यात मला किंचित थकवा जाणवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी न्हाणीघरात दाढी करत होतो. बायको खाली चहा सांगायला गेली होती. अर्ध्या गालाची झाली आणि लक्षात आलं की वस्तऱ्याचं नवं पातं बॅगेत राहिलं. म्हणून बनियन, कमरेला टॉवेल आणि अर्ध्या तोंडाला फेस अशा वेशात मी दार उघडून खोलीत आलो.

खोलीत बावीस माणसं होती.

बावीस हा आकडा आईने नंतर सांगितला. मला तेव्हा मोजायची शुद्ध नव्हती. बावीसच्या बावीस जण माना वर करून छताकडे बघत होते आणि पुढे एक गाइडबाई हातातल्या मिटलेल्या छत्रीने पोपट दाखवत होत्या. घसा बसलेल्या आवाजात त्या म्हणत होत्या, "...हे चाळीस पोपट एकाच कारागिराने कोरलेले आहेत, अशी समजूत आहे." दाराचा आवाज झाला तशा सगळ्या माना हळूहळू खाली आल्या आणि माझ्यावर स्थिरावल्या. कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. ते अभ्यासू नजरेने बघत होते.

मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी माझ्याकडे बोट करून विचारलं, "हे कोणत्या काळातलं?"

"ते नंतर बसवलेलं आहे," गाइडबाई म्हणाल्या, आणि छत्री पुन्हा वर गेली.

मी न्हाणीघरात परत जाऊन दार लावून घेतलं आणि टबाच्या काठावर बसलो. सत्तावीस वर्षांची नोकरी, दोन वेळा उत्कृष्ट कर्मचारी, आणि आज मी नंतर बसवलेला! तेवढ्यात बाहेरून एक आवाज आला. खणखणीत. मी तो ओळखला, पण विश्वास बसेना.

"एक्केचाळीस आहेत."

"काय म्हणालात आजी?" गाइडबाईंनी विचारलं.

"पोपट. चाळीस नाहीत, एक्केचाळीस आहेत. काल दुपारपासून तीनदा मोजलेत."

"पण आमच्या माहितीपत्रकात..."

"माहितीपत्रक लिहिणारा उभा राहून मोजत होता. एक तुळईच्या आतल्या अंगाला आहे. आडवं पडल्याशिवाय दिसत नाही. या, इथे पडून बघा."

मी दार बोटभर उघडून पाहिलं. आई उठून पलंगाशेजारी उभी होती आणि एक धिप्पाड गृहस्थ बूट काढून तिच्या पलंगावर आडवे होत होते. ते एकदम ओरडले, "दिसला!" मग काय विचारता! बावीस माणसांची रांग लागली. माझी आई पलंगाच्या उशाशी उभी. "बूट काढा. उशीवर डोकं ठेवा. डावीकडे बघा, तुमचं डावं. मिळाला? उठा आता, मागच्यांना येऊ द्या." चहाचं सांगून परतलेली बायको दारातच अडकली. तिच्यापुढच्या माणसाने तिला बजावलं, "ताई, रांगेतून या."

बारा वाजता माणसं गेल्यावर मी धडधडत खाली मॅनेजरकडे गेलो. तो अजिबात गडबडला नाही. त्याने माझा अर्ज काढला आणि चौदाव्या कलमावर बोट ठेवलं. "उक्त इमारतीतील दालन क्रमांक तीन हे संरक्षित वारसा असल्याने दररोज दहा ते बारा सार्वजनिक अवलोकनार्थ खुले राहील व त्यास निवासी पाहुण्यांची हरकत राहणार नाही." खाली माझी सही. सुवाच्य.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. 'उक्त', 'अवलोकनार्थ', 'हरकत राहणार नाही'. मी लिहिलं असतं तर याहून वेगळं लिहिलं नसतं. मी त्या माणसाशी काय भांडणार?

वर बायको बॅग भरत होती. "मी ताईला फोन करते. तळ्याकाठी जागा मिळाली तर तिकडे जाऊ."

बाईमाणसाला काय, फोन केला की झालं. साडूसमोर बॅगा घेऊन उभं मला राहायचं होतं. तो काय म्हणाला असता, ते मला तोंडपाठ होतं. तरी मी मान डोलावली, कारण टॉवेलमध्ये पुन्हा उभं राहण्यापेक्षा बदकं परवडली. तेवढ्यात आई पलंगावरून म्हणाली, "मी कुठेही येणार नाही. उद्या दहाला ती माणसं यायची आहेत. त्या पोरीचा घसा बसलाय. आणि तिला रांग लावता येत नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं. आई लागोपाठ चार वाक्यं बोलली होती. बायकोने बॅगेतले कपडे परत बाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी आई नऊलाच तयार होऊन बसली. मी पण तयार होतो. इस्त्रीचा शर्ट, बूट, हातात वर्तमानपत्र. बघायचंच असेल तर नीट बघा म्हटलं. दहाला दार उघडलं आणि या वेळी तीस जण आले. गाइडबाईंनी छत्री सरळ आईच्या हातात दिली आणि गळ्याला मफलर गुंडाळून कोपऱ्यात जाऊन बसल्या. आईने आधी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं. मग सुरुवात केली. एका रांगेत किती, रांगा किती, कोणत्या पोपटाची चोच तुटली आणि सहावी रांग वाकडी का. माणसं माना वर करून ऐकत होती.

एवढ्यात मला गर्दीत मागे एक ओळखीचं टक्कल दिसलं. छातीवर सहलीचं तिकीट चिकटवलेलं आणि गालावर लाल चट्टा. साडू!

"तुम्ही इथे?" मी कुजबुजलो.

"राव, ती बदकं चावतात हो," तो तितक्याच हळू म्हणाला. "आणि करायला काही म्हणजे काहीच नाही तिथे. म्हटलं शहर तरी बघावं. ते म्हणाले, सगळ्यांत चांगलं छत इथे आहे. ही तुमची खोली?"

"आमचीच," मी वर्तमानपत्राची घडी घालत म्हणालो.

"मागे कोण बोलतंय?" आईचा आवाज आला. साडू एकदम ताठ झाला. विमा कंपनीचा तो बडा अधिकारी निमूटपणे रांगेत उभा राहिला, बूट काढून माझ्या आईच्या पलंगावर आडवा झाला आणि डावीकडे बघू लागला.

"दिसला का?" आईने विचारलं.

"नाही दिसत."

"ते उजवं झालं. डावं कुठलं ते माहीत नाही का? पुन्हा रांगेत मागून या."

तो तीन वेळा रांगेत आला. तिसऱ्यांदा दिसला. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी इतक्या वर्षांत त्याच्या कुठल्याही गाडीजवळ पाहिला नव्हता.

तिसऱ्या सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो. मॅनेजर वर आला आणि माझ्याशी न बोलता थेट आईसमोर उभा राहिला. गाइडबाईंना डॉक्टरांनी आठ दिवस बोलायला मनाई केली होती. तेवढे दिवस आजी राहतील का? खोली, चहा, जेवण, सगळं हॉटेलकडून. आई "बघू" म्हणेल, असं मला वाटलं.

"राहते," ती म्हणाली. "पण तिसऱ्या खिडकीजवळचे पोपट साफ करून घ्या. मागच्यांना दिसत नाहीत."

"अगं पण तू इथे एकटी..." मी म्हणालो.

"एकटी कुठे? रोज वीस-तीस माणसं येतात माझ्याकडे. तुझ्या घरी कोण येतं?"

मी आठवून पाहिलं. दूधवाला येतो, पण तो दारातूनच जातो.

बायकोने आईच्या औषधांच्या गोळ्या सकाळ-दुपारच्या डब्यांत लावून दिल्या, आठ दिवसांनी स्वतः न्यायला येते म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. दहा वाजले. जिन्यात पावलं वाजायला लागली. मी दोन्ही हातांत बॅगा घेऊन, वर येणाऱ्या माणसांना अंग चोरून वाट देत, पडद्यातून, चष्मेवाल्याच्या दुकानातून बाहेर चौकात आलो. परतीच्या परवान्याची बारा मिनिटं उरली होती. तरी मी थांबलो. वरच्या खिडक्या उघड्या होत्या आणि हातगाड्यांच्या, सायकलींच्या, त्या सगळ्या बाजाराच्या कलकलाटावरून माझ्या आईचा आवाज खाली येत होता.

"मागच्यांना ऐकू येतंय का?"

"येतंय!" माणसं म्हणाली.

मीही भर चौकात, पोलिसासमोर, जोरात ओरडलो, "येतंय!"

वरच्या खिडकीतून छत्रीचं टोक बाहेर आलं.

"खाली कोण गडबड करतंय? आत यायचं असेल तर तिकीट काढून या!"